शरीराला अँटिबायोटिकची सवय लागत नाही

“माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झालीय, आता साधं औषध लागूच पडत नाही.” कल्चर रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की ते सुरू होताच पुढचे शब्द कळतात. शिकलेली माणसं ते म्हणतात, न शिकलेलीही म्हणतात. औषधाच्या दुकानातला माणूस तेच सांगतो. कधी कधी तर डॉक्टरच घाईत “तुम्हांला रेझिस्टन्स आलाय” असं म्हणून मोकळे होतात आणि समजूत पक्की होते. ती समजूत मुळातच चुकीची आहे. बदल झाला आहे तो तुमच्या गळवातल्या जिवाणूत. तुमचं शरीर होतं तसंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये भारतासह १२ देशांतल्या सुमारे १० हजार लोकांना याविषयी विचारलं होतं. शरीर औषधाला दाद देईनासं होतं म्हणजे अँटिबायोटिक रेझिस्टन्स, असं त्यांतल्या ७६ टक्के लोकांना वाटत होतं. म्हणजे चारांतल्या तिघांना.

असं का वाटतं ते समजू शकतं. झोपेच्या गोळ्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, दारू यांची शरीराला खरोखरच सवय लागते. आधी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात पुढे भागत नाही. कारण या गोष्टी आपल्याच पेशींवर काम करतात आणि त्या पेशी हळूहळू स्वतःत बदल करून घेतात. अँटिबायोटिकचं लक्ष्य वेगळं असतं. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं जिवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. भित्तिका अर्धवट राहते आणि जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला भित्तिका नसतेच. मग या औषधाची सवय शरीरातल्या कशाला लागायची?

एवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही त्यांनी रिपोर्टवर औषधापुढे छापलेला तो ‘आर’, म्हणजे ‘रेझिस्टंट’, कसा तयार होतो ते पाहावं. उदाहरण म्हणून स्टॅफिलोकॉकस घेऊ, कारण पुवाच्या नमुन्यात हा जिवाणू वरचेवर भेटतो.

नमुना आला की आधी काचपट्टीवर त्याचा पातळ थर देऊन तो रंगवतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरची ही पद्धत १८८४ची, आणि आजही तिच्यापासूनच सुरुवात होते. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे, गोल जिवाणू घोसाघोसांनी दिसले की स्टॅफिलोकॉकसचा संशय येतो. उरलेला नमुना रक्त मिसळलेल्या अगारच्या प्लेटवर पसरवून इनक्युबेटरमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यावर वसाहती दिसतात. त्यातली चिमूटभर वसाहत घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात घातली आणि बुडबुडे आले, तर तो स्टॅफिलोकॉकस असू शकतो. त्याचा चुलत भाऊ शोभावा असा स्ट्रेप्टोकॉकस बुडबुडे आणत नाही. ही झाली कॅटालेज चाचणी.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे की त्वचेवर एरवी निमूट राहणाऱ्या जातींपैकी एखादा? त्यासाठी कोअ‍ॅग्युलेज चाचणी करतात. सशाच्या रक्तातला प्लाझ्मा नळीत घेऊन त्यात जिवाणू मिसळायचे आणि ३७ अंशांवर ठेवायचे. ऑरियस असेल तर प्लाझ्मा गोठतो. नळी चार तासांनी पाहायची, आणि गुठळी दिसली नाही तर रात्रभर ठेवून पुन्हा पाहायची. चार तासांचं बघणं चुकवायचं नाही, कारण ऑरियसचे काही वाण आपणच केलेली गुठळी नंतर विरघळवतात, आणि फक्त दुसऱ्या दिवशी पाहणारा फसतो. आता मोठ्या प्रयोगशाळांत माल्डी-टॉफ नावाचं यंत्र असतं. ते जिवाणूच्या प्रथिनांची वजनं मोजून काही मिनिटांत नाव सांगतं, पण त्यालाही सहसा आधी वाढलेली वसाहत लागतेच.

नाव कळलं की औषधांची पाळी. वसाहत सलाइनमध्ये कालवून ठरावीक गढूळपणा आणायचा, म्यूलर-हिंटन अगारवर ती एकसारखी पसरायची, आणि वर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या पद्धतीला प्रमाणित रूप दिलं. १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं गोल रिंगण दिसतं, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. ऑरियससाठी सिफॉक्सिटिनच्या चकतीभोवती २२ मिलिमीटर किंवा जास्त आले तर ठीक. २१ किंवा कमी आले तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस.

आता सांगा, या सगळ्यात रुग्ण कुठे आहे? प्लेटवर अगार आहे, जिवाणू आहेत, औषधाच्या चकत्या आहेत. तुमचं रक्त नाही, यकृत नाही, तुमची ‘सवय’ नाही. तुम्ही घरी झोपलेले असता आणि तो जिवाणू इकडे इनक्युबेटरमध्ये, तुमच्याविना, औषधाच्या चकतीला खेटून वाढत असतो. शरीराला सवय लागल्यामुळे औषध निकामी झालं असतं, तर प्लेटवर ते जिवाणू मरायला हवे होते. ते मरत नाहीत. याहून स्वच्छ पुरावा काय द्यायचा?

तो जिवाणू जे करतो तेही बघण्यासारखं असतं. काही ऑरियस पेनिसिलिन तोडणारं विकर तयार करतात. त्यांच्या बाबतीत पेनिसिलिनच्या चकतीभोवतीचं रिंगण पुरेसं मोठं दिसलं तरी त्याची कडा विरळ होत न जाता कड्यासारखी एकदम तुटलेली असते, आणि तेवढ्यावरून आम्ही ‘आर’ लिहितो. दुसरे काही क्लिंडामायसिनला शरण गेल्यासारखे दिसतात, पण शेजारी एरिथ्रोमायसिनची चकती ठेवली तर त्या बाजूचं रिंगण चपटं होतं आणि इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतं. म्हणजे प्रतिकाराचा जनुक त्यांच्याकडे आहे, फक्त एरिथ्रोमायसिनची चाहूल लागल्याशिवाय तो जागा होत नाही. दोन चकत्या योग्य अंतरावर ठेवण्याचे कष्ट घेतले नाहीत तर क्लिंडामायसिनपुढे ‘एस’, म्हणजे लागू पडणारं, असं छापलं जातं आणि उपचार मध्येच फसू शकतो. ही सगळी करामत जिवाणूची.

मग जिवाणूत हा प्रतिकार येतो कुठून? इथे दुसरी शंका हमखास निघते: “मी तर आयुष्यात अँटिबायोटिक घेतलं नाही, मला आर कसा? तुमच्या लॅबची चूक असणार.” प्रयोगशाळेची चूक होऊ शकते, पण या कारणानं ती सिद्ध होत नाही. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानं मखमलीच्या कापडानं एका प्लेटवरच्या जिवाणूंचे ठसे दुसऱ्या प्लेटांवर उमटवून दाखवून दिलं, की औषधाला दाद न देणारे जिवाणू औषधाची भेट होण्याआधीच गर्दीत असतात. औषध फक्त बाकीच्यांना मारतं आणि त्यांना जागा मोकळी करून देतं.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी हे प्रत्यक्ष रुग्णांच्या नमुन्यांत पाहिलं. त्यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसपैकी पेनिसिलिनला न जुमानणारे १९४६ मध्ये १४ टक्के होते, १९४७ मध्ये ३८, आणि १९४८ मध्ये ५९. पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागून तेव्हा दशकही उलटलं नव्हतं. इतक्या रुग्णांच्या शरीरांना दोन वर्षांत सवय लागली का? नाही. पेनिसिलिन तोडणारे वाण तगले आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरले.

एमआरएसएची कथा याहून बोलकी. पेनिसिलिनच्याच कुळातलं मेथिसिलिन वापरात आलं १९५९ मध्ये, आणि पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्याला न जुमानणाऱ्या ऑरियसची नोंद १९६१ मध्ये केली. बरीच वर्षं सगळे असंच मानत होते की औषध आलं, मग प्रतिकार आला. पण २०१७ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात जुन्या जिवाणूंच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांचे जीनोम वाचले गेले आणि निघालं असं, की प्रतिकाराचा तो जनुक या जिवाणूंत १९४०च्या दशकाच्या मध्यावरच शिरला होता. मेथिसिलिन बाजारात येण्याआधी चौदा-एक वर्षं! पेनिसिलिनच्या सपाट्यात तो निवडला गेला असावा, असं त्या संशोधकांचं म्हणणं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास तर आणखी मागे जातो. युरोपातल्या हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या कातडीवर एक बुरशी वाढते आणि ती पेनिसिलिनसारखं द्रव्य तयार करते. त्या बुरशीशेजारी राहता राहता ऑरियसच्या काही वाणांनी एकोणिसाव्या शतकातच प्रतिकार कमावला होता. त्या प्राण्यांनी कुठल्या औषधाचा कोर्स घेतला होता?

जिवाणू प्रवासही करतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये शहरातल्या एमआरएसएचे वाण तपासले, तेव्हा एसटी २२ आणि एसटी ७७२ हे दोन पुढे आलेले दिसले. पहिल्याच्या कुळातला वाण नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या रुग्णालयांत माजला होता. दुसरा भारतीय उपखंडात उपजला आणि इथून जगभर गेला. तुमच्या जखमेत पोचलेला ऑरियस असा कोणाकोणाच्या हातांवरून, नाकांतून आलेला असतो, आणि आपला प्रतिकार तो बरोबर घेऊनच येतो. दर दहा निरोगी माणसांमागे साधारण तिघांच्या नाकात ऑरियस असतो.

या गैरसमजात सत्याचा एक कण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही अँटिबायोटिक घेतलं की तुमच्या अंगावर आणि आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंतले प्रतिकार करणारे उरतात, वाढतात. ‘बीएमजे’त २०१० मध्ये आलेल्या कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार हा परिणाम औषधानंतरच्या महिन्याभरात सगळ्यांत ठळक असतो आणि वर्षभरापर्यंत टिकू शकतो. त्यामुळे मागच्या काही महिन्यांत काय काय घेतलं हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण तेव्हाही बदललेले असतात ते तुमच्या अंगावर राहणारे जिवाणूच.

“शब्दांचा कीस कशाला काढता, परिणाम तोच ना?” असं कोणी म्हणेल. परिणाम तोच नाही, म्हणून तर चीड येते. ज्याला वाटतं की सवय फक्त त्याच्या शरीराला लागली, तो घरातल्या एमआरएसएच्या रुग्णाची जखम उघड्या हातानं बांधतो आणि हात न धुता बाळाला उचलतो. रेझिस्टन्स ज्याचा त्याला, अशी त्याची समजूत. दुसरा माणूस साध्या सर्दीलाही “मला साधं चालत नाही, भारी द्या” म्हणून अडून बसतो. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे साधं काय आणि भारी काय, कोणतंच अँटिबायोटिक काम करत नाही. तिसरा वर्षभर औषध न घेता ‘सवय मोडायची’ वाट पाहतो आणि रक्तातली साखर वाढलेली असताना पायातला पू तसाच ठेवतो. तिघांच्याही वागण्यामागे तेच एक वाक्य आहे.

‘भारी’ औषधाबद्दल आणखी थोडं बोललं पाहिजे, कारण ही सवयवाल्या समजुतीचीच पुढची पायरी. रिपोर्टमध्ये ऑरियस आला, पण तो मेथिसिलिनला दाद देणारा निघाला, तरी नातेवाईक व्हँकोमायसिनचा आग्रह धरतात. महाग आहे, शिरेतून देतात, म्हणजे जास्त जोरदार. खरं उलट आहे. दाद देणाऱ्या ऑरियसवर क्लॉक्सासिलिन किंवा सिफाझोलिन व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतात. रक्तात ऑरियस असलेल्या रुग्णांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. व्हँकोमायसिन जिवाणूंना सावकाश मारतं आणि मूत्रपिंडांनाही त्रास देऊ शकतं. ते एमआरएसएसाठी राखून ठेवायचं औषध. आणि त्यालाही धोका आहेच: त्याला पुरती दाद न देणारा ऑरियस जपानमधून १९९७ मध्ये नोंदवला गेला, आणि पूर्ण प्रतिकार असलेला २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सापडला. भारतातल्या १५ मोठ्या केंद्रांनी २००८ आणि २००९ मध्ये तपासलेल्या २६ हजारांहून जास्त ऑरियसपैकी ४१ टक्के एमआरएसए होते. इतक्यांसाठी जे औषध लागणार ते उरलेल्यांवर उधळायचं नसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कल्चरमध्ये जंतू आला म्हणजे आजार आहेच.’ नाही. रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीतच स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस वाढला तर तो बहुतेक वेळा सुई टोचताना त्वचेवरून आलेला असतो. मात्र शरीरात कृत्रिम झडप किंवा कॅथेटर असेल तर त्याच एपिडर्मिडिसकडे गांभीर्यानं पाहावं लागतं. आणि रक्तात ऑरियस आला तर तो त्वचेवरून आला असेल असं म्हणून सोडून देणं धोक्याचं. त्यावर किमान दोन आठवडे उपचार लागतात.

‘सगळ्यांत मोठं रिंगण ते सगळ्यांत चांगलं औषध.’ प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगानं पसरतं. जेंटामायसिनला १५ मिलिमीटर पुरतात, सिफॉक्सिटिनला २२ लागतात. दोघांची तुलना करूच नका.

‘सिफॉक्सिटिनपुढे एस आहे, तेच द्या.’ ऑरियसच्या रिपोर्टमधला सिफॉक्सिटिन एमआरएसए ओळखण्यासाठी असतो, रुग्णाला देण्यासाठी नव्हे.

‘तीन दिवस लावतात, मुद्दाम ठेवून घेतात.’ जिवाणू वाढायला एक रात्र, औषधांच्या चकत्यांना आणखी एक. ही वेळ पैसे जास्त दिल्यानं कमी होत नाही.

‘आधी गोळ्या सुरू करू, गुण आला नाही तर कल्चर करू.’ अँटिबायोटिक पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढेलच असं नाही, आणि मग ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट आला तरी संसर्ग नाही असं त्यावरून म्हणता येत नाही. नमुना आधी, औषध नंतर. रुग्ण अत्यवस्थ असेल तर रक्त काढून लगेच औषध सुरू करतात, पण क्रम हाच.

‘वरवरचा बोळा फिरवला की झालं.’ जखमेच्या पृष्ठभागावर त्वचेवरचे सगळेच जिवाणू असतात. गळवाच्या आतला पू सुईनं काढून पाठवला तर उत्तर भरवशाचं मिळतं. शिवाय गळू फोडून पू काढून टाकणं हाच त्याचा मुख्य उपचार. बंद पिशवीतल्या पुवापर्यंत गोळी धड पोचत नाही.

‘एमआरएसए म्हणजे संपलं.’ अजिबात नाही. व्हँकोमायसिन, टायकोप्लॅनिन, लिनेझोलिड, डॅप्टोमायसिन आहेत. त्वचेच्या संसर्गात अनेकदा कोट्रायमॉक्सॅझोल किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्याही चालतात. रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे एस असला पाहिजे, एवढंच.

कल्चरचे रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. नमुना कुठून घेतला, कोणत्या तारखेला, आणि तेव्हा कोणतं औषध सुरू होतं, हे त्यावर पेननं लिहून ठेवा. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा “मला रेझिस्टन्स आहे” असं सांगू नका. “मागच्या वर्षी पायाच्या जखमेत एमआरएसए सापडला होता, हा रिपोर्ट” असं सांगा. पहिल्या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. दुसरं ऐकून ते औषध बदलू शकतात.